जितराबाचे दुपारचे पाणी

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील शेतकरी बंधुभगिनी आणि शाळांतील शिक्षक मित्र यांच्याशी आज थोडे बोलायचे आहे. विषय लहानसाच आहे. कोंबड्या, ससे, शेळ्या या आपल्या लहान जितराबाला दिवसभर स्वच्छ पाणी मिळावे, यासाठी घरच्या घरी करता येणारी साधी भांडी.

आपण म्हणाल, जनावराला पाणी पाजायला कुणी शिकवायला हवे काय? ते तर आम्ही रोजच पाजतो. खरे आहे. पण एक प्रश्न विचारू द्या. एप्रिल-मे महिन्यात दुपारी बारा ते चार या वेळात तुमच्या घरी कोण असते? घरधनी उसाला पाणी द्यायला गेलेला, घरधनीण खुरपायला नाहीतर डाळिंबाच्या बागेत, पोरे शाळेत किंवा खेळायला. घरी राहतात फक्त मुकी जनावरे. सकाळी सहाला घमेल्यात ओतून ठेवलेले पाणी नऊ वाजता कोंबड्यांनी उकरलेल्या मातीने भरते, दहाला शेळीचा पाय लागून लवंडते आणि जे उरते ते बारापर्यंत हात लावू नये इतके तापते. मग चार वाजेपर्यंत त्या जिवांनी काय करायचे? तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपण माणसाला सांगतो. जनावराला तर विहीर खणताही येत नाही आणि तहान लागली हे सांगताही येत नाही. संध्याकाळी घरी येऊन पाहावे, तर चार पिले आडवी पडलेली. आपण म्हणतो, रोग आला. पुष्कळदा तो रोग नसतो, ती दुपारची तहान असते.

आपल्या या दोन तालुक्यांची तऱ्हा वेगळी आहे. दक्षिणेला नीरा, उत्तरेला आणि पूर्वेला भीमा, आणि नीरा-नरसिंगपूरला दोघींचा संगम. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा आला आणि त्याच्या अंगाखालची गावे बागायती झाली. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले आणि भिगवण-पळसदेवच्या बाजूला समुद्रासारखे पाणी पसरले. पण त्याच बारामती तालुक्यात सुपे-मोरगावच्या बाजूची जिरायत गावे टँकरची वाट पाहतात. १९७२ चा दुष्काळ जुन्या माणसांना अजून आठवतो. म्हणजे एकीकडे पाणी उदंड, दुसरीकडे घोट घोट मोजून. गंमत अशी, की दुपारच्या पाण्याची आबाळ मात्र दोन्हीकडे सारखीच. कालवा वावराच्या कडेने वाहतो, खुराड्यात येत नाही.

आता हिशेब पाहू. मोठ्या कोंबडीला थंडीच्या दिवसांत रोज पाव लिटरच्या आसपास पाणी लागते. पारा चाळिशीला टेकला, की हेच पाणी दुप्पट होते, म्हणजे अर्धा लिटर. दहा कोंबड्यांना पाच लिटर. तीन किलो वजनाच्या सशाला एरवी पाव लिटर ते तीनशे मिलिलिटर पाणी पुरते, उन्हाळ्यात अर्धा लिटर लागते. आणि अंगावर पिले पिणाऱ्या मादीला लिटरभर किंवा त्याहून जास्त. उन्हाळ्यात एका शेळीला पाच-सहा लिटर धरावे, दुभती असेल तर आणखी. समजा, एखाद्या घरी दहा कोंबड्या, दोन ससे आणि दोन शेळ्या आहेत. सगळ्यांचे मिळून अठरा लिटर झाले. एक हंडा आणि वर थोडेसे. टँकरच्या गावातही एवढे पाणी निघू शकते. अडचण पाण्याच्या तुटीची कमी आणि सांडलवंडीची जास्त आहे.

कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते आणि त्या वाफेवाटे अंगातली उष्णता बाहेर टाकते. ससाही घामाने निवत नाही. त्याची उष्णता मोठ्या कानांतून आणि श्वासातून जाते. म्हणून या दोघांना दुपारचे पाणी म्हणजे केवळ तहान भागवणे नव्हे, ती त्यांची सावली आहे. शिवाय कवचाच्या आतल्या अंड्यात चार भागांतले तीन भाग पाणीच असते आणि शेळीच्या शंभर भाग दुधात सत्त्याऐंशी भाग पाणी. पाणी तुटले की ससा खाणे सोडतो, शेळीचे दूध आटते आणि कोंबडी अंडी द्यायची थांबते. दिवसभर कोरडी राहिलेली कोंबडी बहुधा पुढे कित्येक दिवस अंड्यावर येत नाही. खाद्यावर खर्च केलेला पैसा असा पाण्यावाचून वाया जातो.

उघड्या घमेल्याचा आणखी एक तोटा आहे. मे महिन्यात आपल्याकडे उन्हातल्या उघड्या पाण्याची पातळी दिवसाला सुमारे एक सेंटिमीटर खाली जाते. दीड फूट तोंडाच्या घमेल्यातून हे पाणी दीड लिटर भरते. तीन कोंबड्यांचे दिवसाचे पाणी नुसते वाऱ्यावर गेले! आणि विहीर मचूळ असेल, तर पाणी उडून जाते पण त्यातले क्षार खालीच राहतात. सकाळी मचूळ असलेले पाणी संध्याकाळी खारट होते.

यावर उपाय असा, की पाणी झाकलेले असावे, जनावराच्या तोंडाशी थोडेसेच उघडे असावे आणि प्यायले तेवढेच आपोआप पुन्हा यावे. यासाठी वीज नको, यंत्र नको. हे काम हवाच करते.

कसे, ते सांगतो. हवेला वजन आहे. ती पाण्याला दाबते. इटलीतील टॉरिचेली या शास्त्रज्ञाने १६४३ मध्ये हे नळीत पारा घालून दाखवले. शेतकऱ्याला ते दुसऱ्या वाटेने ठाऊकच आहे. विहिरीवर इंजिन किंवा मोटर वर काठावर बसवली आणि पाणी फार खोल गेले, तर ती पाणी ओढत नाही. वीस-पंचवीस फुटांच्या आत खाली उतरवावी लागते. कारण पाणी पंप ओढत नसतो. पंप नळीतली हवा काढतो आणि बाहेरची हवा पाण्याला दाबून वर चढवते. तिची ताकद फार तर तीस-बत्तीस फुटांची. आता पाहा, जी हवा पाण्याचा तीस फुटांचा खांब तोलून धरते, तिला वीतभर उंचीच्या डब्यातले पाणी धरून ठेवणे काय अवघड? डब्यात वरून हवा शिरली नाही, तर खालच्या भोकातून पाणी सांडणार नाही. ताटलीतले पाणी भोकाच्या खाली उतरले, की बुडबुडा आत जाईल, तेवढेच पाणी बाहेर येईल आणि भोक पुन्हा बुडाले की थांबेल.

आता कोंबड्यांचे भांडे. खाद्यतेलाचा पाच लिटरचा प्लॅस्टिकचा डबा घ्यावा. गरम पाणी आणि साबण घालून तेलकटपणा पुरता जाईपर्यंत धुवावा. डब्याच्या बुडापासून एक बोट, म्हणजे दोनेक सेंटिमीटर उंचीवर, तापवलेल्या खिळ्याने पेन्सिल जाईल एवढे भोक पाडावे. डबा ठेवायला दोन बोटे उंच काठाची थाळी घ्यावी. डब्याच्या भोवती तीन-चार बोटांची मोकळी जागा राहील इतकीच ती मोठी असावी. भोक थाळीच्या काठापेक्षा खाली आले पाहिजे. एवढे चुकले, तर पाणी काठावरून वाहत राहील.

भोकावर बोट दाबून वरून डबा काठोकाठ भरावा, झाकण घट्ट लावावे, डबा थाळीत ठेवावा आणि बोट काढावे. पाणी भोकापर्यंत येऊन थांबेल. थांबले नाही, तर झाकणातून हवा जाते असे समजावे. सायकलच्या जुन्या ट्यूबचा गोल तुकडा कापून झाकणात वायसरासारखा बसवावा. डब्याला सुईएवढी चीर असली तरी सगळे पाणी निघून जाईल. म्हणून पहिली तपासणी अंगणात करावी, खुराड्यात नव्हे.

थाळीचा काठ कोंबडीच्या पाठीइतका उंच येईल अशा बेताने खाली विटा लावाव्यात, म्हणजे उकरलेली माती पाण्यात पडत नाही. लहान पिले असतील तेव्हा थाळी जमिनीलगत ठेवावी आणि पहिला आठवडा तिच्यात धुतलेले गोटे पसरावेत. पिले गोट्यांमधले पाणी पितात, भिजत नाहीत, बुडत नाहीत. डबा सावलीतच हवा. उन्हात ठेवला, तर आतली हवा तापून फुगते, पाण्याला खाली ढकलते आणि थाळी ओसंडते. सावलीतल्या डब्यावर ओले पोते टाकले, तर दुपारीही पाणी गार राहते.

आता सशाकडे वळू. इथे आपण पाळीव जातींच्या सशांबद्दल बोलत आहोत. रानातला ससा पकडणे हा कायद्याने गुन्हा आहे. पिंजऱ्यातल्या सशाच्या दोन खोडी आहेत. हलके भांडे तो उलटवतो आणि प्लॅस्टिक कुरतडतो. म्हणून बाटली पिंजऱ्याच्या बाहेर आणि वाटी आत, अशी रचना करावी. एक लिटरची बाटली भरून, तोंड खाली करून, जाळीला बाहेरून तारेने तिरपी बांधावी. बाटलीचे तोंड जाळीतून आत घेऊन वाटीच्या तळापासून बोटभर वर राहू द्यावे. आत येणाऱ्या गळ्याभोवती कडा दुमडलेली पत्र्याची पट्टी गुंडाळावी.

वाटी जड हवी. ती घरी करता येते. एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू कालवावी. प्लॅस्टिकच्या मोठ्या वाटीला आतून तेल लावून त्यात हा गारा भरावा आणि बाहेरून तेल लावलेली लहान वाटी मध्ये दाबावी. दुसऱ्या दिवशी साचे काढून वाटी आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवावी आणि ते पाणी रोज बदलावे. नव्या सिमेंटमधली चुन्याची खार अशाने निघून जाते. त्यापूर्वी तिच्यात सशाला पाणी देऊ नये.

कुक्कुटपालनाच्या दुकानात निपल मिळतात. चोचीने किंवा जिभेने ढकलले, की थेंब थेंब पाणी देणारी ती लहान झडप असते. बाटलीच्या झाकणाला भोक पाडून निपल घट्ट बसवले, की वाटीची गरज उरत नाही आणि पाणी उघडे पडत नाही. मात्र येथे एक भेद ध्यानात ठेवावा. वाटीच्या बाटलीत वरून हवा जाता कामा नये. निपलच्या बाटलीला मात्र वर आलेल्या बुडाला बारीक छिद्र ठेवावे. निपलमध्ये पाणी अडवण्याचे काम झडप करते, त्यामुळे वरून हवा गेली नाही, तर पाणी खाली उतरायला अडखळते. पहिले तीन-चार दिवस जुनी वाटीही राहू द्यावी. प्रत्येक ससा निपलवर पिताना दिसल्याशिवाय ती काढू नये. आणि रोज सकाळी प्रत्येक निपल बोटाने दाबून पाहावे. भरलेली बाटली आणि चोंदलेले निपल ही जोडी फार फसवी असते. आपल्याला पाणी दिसते, सशाला ते मिळत नाही.

शेळीला बाटली पुरणार नाही. तिच्यासाठी प्लॅस्टिकचे पिंप उभे चिरून अर्धे करावे, कडा घासून गुळगुळीत कराव्यात आणि दगडांवर दीड फूट उंच पक्के बसवावे. जमिनीवर ठेवलेल्या भांड्यात लेंड्या पडतात आणि शेळी तर घाण पाण्याला तोंड लावत नाही. वर एक झाकलेले पिंप ठेवून नळीने पाणी आणावे आणि नळीच्या टोकाला कूलरमध्ये असतो तसा बॉल कॉक लावावा. पाणी खाली गेले, की तरंगणारा गोळा खाली येतो आणि नळ उघडतो. ठिबकची उरलेली कोरी नळी या कामाला चालेल. शेतात वापरून काढलेली नको. तिच्यातून खते आणि कधी कधी आम्लही गेलेले असते.

बंधूंनो, आता सर्वांत महत्त्वाचे. द्राक्ष, डाळिंब, ऊस या पिकांच्या गावांत औषधांच्या रिकाम्या कॅनना तोटा नाही. कॅन जाड असतात, झाकण घट्ट बसते, फुकट मिळतात. हात तिकडेच जातो. पण कीटकनाशकाचा, तणनाशकाचा कॅन कितीही वेळा धुतला, तरी जनावराच्या किंवा माणसाच्या पाण्यासाठी वापरू नये. विष प्लॅस्टिकमध्ये मुरलेले असते. असा कॅन रिकामा झाला, की फवारणीच्या टाकीवरच तीनदा विसळून ते पाणी टाकीत ओतावे आणि कॅनला भोके पाडून तो निकामी करावा, म्हणजे दुसऱ्या कुणाला मोह होणार नाही. तसेच ठिबकमधून सोडण्यासाठी युरिया विरघळवलेले पिंप उघडे ठेवू नये. तहानलेली शेळी ते पाणी पिते, तिचे पोट फुगते, अंग थरथरते, तोंडाला फेस येतो आणि काही तासांत ती दगावते. असे काही दिसले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता पशुवैद्यकाला बोलवावे. आणि हेही सांगतो, की घरी स्वच्छ पाणी समोर असलेली शेळी खताच्या पिंपाकडे सहसा जात नाही.

आपोआप भरणारे भांडे म्हणजे आपोआप धुतले जाणारे भांडे नव्हे. थाळी आणि वाटी रोज सकाळी काथ्याने घासावी. डबा, बाटली दर दोन-तीन दिवसांनी आतून घासून उन्हात वाळवावी. प्रकाश आत गेला, की हिरवे शेवाळ धरते. म्हणून पारदर्शक बाटलीवर जुने कापड गुंडाळावे. आठवड्यातून एकदा सगळी भांडी पूर्ण कोरडी केली, म्हणजे डासांच्या अळ्याही वाढत नाहीत. सिमेंटच्या हौदाला पंधरा दिवसांनी आतून चुना लावावा. पाण्यातल्या क्षारांचा पांढरा थर निपलमध्ये बसला, तर ते रात्रभर चिंचेच्या कोळात भिजवून धुवावे. भांड्याभोवतीची जमीन कोरडी ठेवावी. कोंबड्यांच्या आणि सशांच्या पिलांना होणारी रक्ताची हगवण ओल्या, घाण जागेतच फोफावते. राणीखेतीची लस पाण्यातून द्यायची असेल, त्या दिवशी भांडे प्लॅस्टिकचे किंवा मातीचे असावे, आणि पाण्यात ब्लीचिंग पावडर, जंतुनाशक काही नसावे. नाहीतर लस पाण्यातच मरते.

आता शिक्षक मित्रांसाठी दोन शब्द. हवेचा दाब हा धडा फळ्यावर शिकवून मुले पाठ करतात. भांडे करून शिकवला, तर ती तो घरी घेऊन जातात. वर्गात दोन सारख्या बाटल्या आणि दोन सारख्या वाट्या घ्या. बाटल्यांवर कागदाची पट्टी चिकटवून मुलांकडून मोजपट्टीच्या खुणा करून घ्या. एक बाटली कोंबडीच्या किंवा सशाच्या पुढे ठेवा, दुसरी शेजारीच पण जनावराचे तोंड पोचणार नाही अशी. सकाळी सात आणि संध्याकाळी पाच वाजता दोन्हींतले पाणी टिपा. दुसरीतले पाणी जितके घटले तितके हवेत उडाले. ते पहिलीच्या घटीतून वजा केले, की जनावर प्यायले किती, हे कळते. सोबत दुपारचे तापमान लिहा आणि महिनाभराचा आलेख काढा. मग एका बाटलीला वरून टाचणी टोचून मुलांना विचारा, पाणी का धावले? त्याचे उत्तर एकदा मुलाने स्वतः शोधले, की ते आयुष्यभर विसरत नाही. वजाबाकी, आलेख, विज्ञान आणि भूतदया हे चारही विषय एका बाटलीत आले.

अधिक माहिती हवी असेल, तर आपल्या जवळच सोय आहे. शारदानगरला कृषि विज्ञान केंद्र आहे. माळेगाव खुर्दला २००९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. ऊन, दुष्काळ, खारटपणा यांचा पिकांवर आणि जनावरांवर काय परिणाम होतो, याचाच अभ्यास तिथे चालतो. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तर कधीही जाता येते.

पण डबा, खिळा आणि थाळी यांसाठी कुणाकडे जायला नको. येत्या रविवारी घरातल्या मुलाला हाताशी घ्या आणि एक भांडे करा. पहिल्या दिवशी दुपारी चारला घरी आल्यावर थाळीत पाणी आहे का, एवढेच पाहा. असले, तर आपले जितराब त्या दिवशी तहानेले राहिले नाही, असे खुशाल समजा. मग शेजाऱ्याच्या दारात दुसरे भांडे करून द्या.